कॅलिग्रामा : ज्युरासिक काळातला फुलपाखरासारखा किडा, जो फुलपाखरू नव्हता

खडकवाचक (धागालेखक)

"ज्युरासिक काळातलं फुलपाखरू" म्हणून एक चित्र सगळीकडे फिरत असतं, बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. रुंद पंख, पंखावर मोठा गोल डोळा, डोक्याखाली लांब सोंड, मागे सायकससारखी झाडं आणि कडेला एखादा डायनोसॉर. चित्र बरेचदा ठीक असतं, त्याखालची ओळ चुकीची असते. हा किडा फुलपाखरू नाही, पतंग नाही आणि फुलपाखरांचा पूर्वज तर अजिबात नाही. ह्याची प्रजाती कॅलिग्रामा, आणि ती जाळीपंखी किड्यांच्या गणातली. आजचे हिरवे नाजूक लेसविंग, वाळूत शंकूसारखा खड्डा करून मुंग्या धरणारे मुंगीसिंह, हे सगळे त्याच गणातले.

नाती कशी आहेत बघा. फुलपाखरं-पतंगांचे सर्वात जवळचे नातेवाईक म्हणजे कॅडिसफ्लाय, ज्यांच्या अळ्या पाण्यात राहतात. जाळीपंखी किडे मात्र भुंगेऱ्यांच्या जवळचे. म्हणजे कॅलिग्रामाचं फुलपाखरापेक्षा भुंगेऱ्याशी जवळचं नातं, आणि तरी तो दिसतो हुबेहूब फुलपाखरासारखा! हेच मला या सगळ्यात सर्वात थोर वाटतं, आणि "जुनं फुलपाखरू" असं लिहिलं की नेमकं हेच पुसलं जातं, म्हणून हा धागा काढतोय.

आधी शोधाची गोष्ट. जर्मनीत बव्हेरियामध्ये सोल्नहोफेन-आइखश्टेट भागात चुनखडीच्या पातळ फरश्या निघतात, दगड इतका बारीक कणांचा की लिथोग्राफीच्या छपाईसाठी तोच वापरायचे. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्रालगत शांत खाजणं होती, तळाचं पाणी अतिशय खारट आणि ऑक्सिजन जवळपास नाहीच, त्यामुळे वरून पडलेलं काहीही कुणी खायला किंवा कुजवायला येत नसे. पिसांचा प्रसिद्ध आद्यपक्षी आर्किओप्टेरिक्स इथलाच. १९०४ साली योहानेस वाल्थर यांनी या फरश्यांमधल्या जीवसृष्टीवर मोठा लेख लिहिला, तो त्यांचे गुरू अर्न्स्ट हेकेल यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथात आला आणि त्यातच या किड्याला कॅलिग्रामा हेकेली हे नाव मिळालं. भूशास्त्र शिकलेल्यांना 'वाल्थरचा नियम' आठवत असेल, तेच हे वाल्थर. पुढे १९०६ मध्ये ऑस्ट्रियाच्या आंटोन हांडलिर्श यांनी यासाठी कॅलिग्रामॅटिडी हे वेगळं कुळ केलं.

मग बरीच वर्षं फारसं काही नाही. मोठी भर पडली ती कझाकस्तानातल्या कराताऊ डोंगरांमधून, १९६८ साली पानफिलोव्ह यांनी तिथल्या कॅलिग्रामॅटिडींचं वर्णन केलं, त्यातली एक कॅलिग्रामा शारोवी. हे नाव अलेक्झांडर शारोव्ह यांच्यावरून, ज्यांनी पुढे त्याच कराताऊमधला सॉर्डेस नावाचा केसाळ टेरोसॉर (उडणारा सरीसृप) जगापुढे आणला. इंग्लंडच्या वील्डन खडकांमधून २००१ मध्ये कॅलिग्रामा रॉयक्राउसनी आली, भुंगेऱ्यांचे मोठे अभ्यासक रॉय क्राउसन यांच्या नावाने. आणि खरा खजिना उघडला तो चीनमध्ये, इनर मंगोलियातलं दाओहुगोऊ, साधारण १६.५ कोटी वर्षांपूर्वीचं, आणि लिआओनिंगमधले यिश्यानचे थर, साधारण १२.५ कोटी वर्षांपूर्वीचे. दोन्हीकडे तळी होती, आसपास ज्वालामुखी होते, राखेचे थर तळाशी बसत गेले आणि त्यात किडे असे जपले गेले की पंखावरची नक्षी आजही दिसते. पिसं असलेल्या डायनोसॉरमुळे यिश्यान सगळ्यांना माहीत असतं, किड्यांसाठी ते तितकंच मोठं आहे असं माझं ठाम मत आहे.

या चिनी नमुन्यांवरच २०१६ साली कॉनराड लाबांडेरा आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांचा पेपर आला, प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी मध्ये. कॅलिग्रामाच्या कुळात पंखांवर खवले, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, त्या ठिपक्यांच्या मध्यभागी मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या खुणा आणि द्रव शोषायची लांब सोंड, हे सगळं त्यांनी दाखवलं. यातली एकेक गोष्ट आपण फुलपाखराची म्हणून शिकलेलो असतो.

प्रश्न विचारा, मला जमेल तसं लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

वनराई

सुंदर धागा, खूण साठवली. एक शंका. १६ कोटी वर्षांपूर्वी फुलझाडं नव्हती असं शाळेत वाचलंय, मग सोंड कशासाठी? मध कुठून आणायचे हे किडे?

खडकवाचक

वनराईताई, अगदी मोक्याचा प्रश्न. फुलझाडांचं राज्य यायच्या आधी जंगलं होती ती सूचिपर्णी, सायकस, गिंको, आणि त्यात एक आता पूर्ण नामशेष झालेला गट, बेनेटिटेल्स. दिसायला सायकससारखे, पण त्यांचे प्रजननाचे अवयव काही वेळा फुलासारखे रचलेले, भोवती पाकळ्यांसारखी छदं (पानासारखे भाग) आणि आत परागकण.

आणि गोड द्रवासाठी फूल लागतंच असं नाही! बीज उघडं असणाऱ्या झाडांमध्ये बीजांडाच्या टोकाशी एक थेंब येतो, परागण-थेंब, त्यात परागकण अडकतात आणि थेंब आत ओढला गेला की परागकण बीजांडात. या थेंबात साखर असते. आजसुद्धा एफेड्रा आणि नीटम यांच्या काही जातींवर किडे या थेंबासाठी येतात. सोंड असलेल्या किड्याला खोलवरचा असा थेंब मिळत असेल आणि येता-जाता पराग इकडून तिकडे जात असतील, असा अंदाज आहे, आणि तो मला पटतो.

फक्त कॅलिग्रामाच नव्हे. २००९ साली सायन्समध्ये रेन दोंग आणि सहकाऱ्यांनी त्याच काळातल्या लांब सोंडेच्या स्कॉर्पियनफ्लायवर लिहिलं होतं, त्या किड्यांची सोंड पूर्णपणे स्वतंत्र वाटेने तयार झालेली. म्हणजे फुलं यायच्या आधी 'झाडाने थेंब द्यायचा, किड्याने पराग न्यायचे' हा व्यवहार चालू होता आणि त्यात बरेच जण होते.

शिळापर्ण

बेनेटिटेल्सबद्दल थोडी भर. राजमहाल टेकड्यांमधली विल्यमसोनिया सेवर्डियाना हे या गटातलं फार गाजलेलं झाड, बिरबल साहनींनी १९३२ साली त्याचं खोड, पानं आणि फुलासारखा भाग जोडून पूर्ण झाड कसं दिसत असेल ते मांडलं होतं. सुट्या तुकड्यांवरून अख्खं झाड उभं करणं किती अवघड असतं हे ज्यांनी पानांचे जीवाश्म हाताळलेत त्यांना कळेल, पान एका नावाने, खोड दुसऱ्या, फळ तिसऱ्या नावाने पडून असतं.

साधा_वाचक

मी या विषयातला नाही, पण एक कळत नाही. खवले आहेत, सोंड आहे, पंखावर डोळे आहेत, तर मग ते फुलपाखरू नाही हे कशावरून ठरवलं? दगडात डीएनए तर नसतो.

कीटकनिरीक्षक

नसांवरून. किड्याच्या पंखावरच्या शिरा म्हणजे त्याचं घराणं सांगणारी सगळ्यात विश्वासाची खूण, आणि दगडात पंखच सगळ्यात चांगला टिकतो.

फुलपाखराचा पंख बघितलात तर मोजक्या लांब शिरा दिसतील, आडव्या शिरा जवळपास नाहीतच आणि मधोमध एक मोठा मोकळा कप्पा. जाळीपंख्यांमध्ये याच्या उलट, लांब शिरांच्या मध्ये आडव्या शिरा भरपूर, पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्टीत तर ओळीने, आणि लांब शिरा कडेला पोचता पोचता फाटे फोडत जातात, एकाचे दोन, दोनाचे चार. कॅलिग्रामाच्या पंखावर असंच दाट जाळं आहे. डोळ्याचा ठिपका त्या जाळ्याच्या वर रंगवलेला आहे एवढंच, खालचं जाळं बदललेलं नाही.

सोंडेतही फरक आहे. फुलपाखराची सोंड काम झालं की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते. कॅलिग्रामॅटिडींची सोंड सरळ, डोक्याखाली लोंबणारी, गुंडाळी नाही. खवल्यांचं म्हणाल तर खवला म्हणजे मुळात चपटा झालेला केस, आणि केस तर जवळपास सगळ्याच किड्यांच्या अंगावर असतात, त्यामुळे खवले वेगवेगळ्या गटांत वेगवेगळे तयार होणं फार अवघड नाही. डासांच्या पंखांवरसुद्धा खवले असतात.

साधा_वाचक

धन्यवाद, आता नीट समजलं. फोटो मोठा करून बघितला तर ते दाट जाळं खरंच दिसतंय, आधी मी फक्त डोळ्याकडेच बघत होतो.

उत्खनक

चांगली चर्चा. पण मला डोळ्यांच्या ठिपक्याबद्दल जरा सावध राहावंसं वाटतं. "भक्षकाला घाबरवायला" असं सगळीकडे बिनधास्त लिहिलेलं असतं. दगडावर ठिपका दिसतो, वागणूक दिसत नाही. फुलपाखरांमध्येही ठिपक्याची कामं वेगवेगळी आहेत, बायसायक्लस फुलपाखरात ठिपक्याच्या मध्यभागाचा अतिनील किरणांतला चमकदारपणा जोडीदार निवडताना बघितला जातो हे प्रयोगांतून दिसलंय. मग कॅलिग्रामामध्ये ते भक्षकासाठीच होतं कशावरून? आणि घाबरणार कोण, आजचे पक्षी तर तेव्हा नव्हते.

कीटकनिरीक्षक

उत्खनक, मुद्दा रास्त आहे, पण मी भक्षकाच्या बाजूने थोडं वजन टाकीन.

मोठे, काळ्या मध्याचे, भोवती वलयं असलेले ठिपके भक्षकावर खरोखर काम करतात याचा फार स्वच्छ पुरावा आहे. युरोपातल्या पीकॉक फुलपाखरावर २००५ साली एक प्रयोग झाला, ब्लू टिट पक्ष्यांसोबत. ठिपके शाबूत असलेल्या ३४ फुलपाखरांपैकी पक्ष्यांनी फक्त १ मारलं, आणि ज्यांचे ठिपके रंगवून झाकले होते त्या २० पैकी १३ मारली. हा फरक मला जबरदस्त वाटतो.

आता घाबरणार कोण. पक्षी आजच्यासारखे नसतील, पण डोळ्यांनी बघून किडे पकडणारे बरेच होते. दाओहुगोऊमध्ये जेहोलोप्टेरस आहे, सोल्नहोफेनमध्ये अनुरोग्नाथस, दोन्ही आखूड रुंद तोंडाचे, मोठ्या डोळ्यांचे लहान टेरोसॉर, किडे खाणारेच मानले जातात. दाओहुगोऊलाच झाडांवर राहणारे पिसांचे छोटे डायनोसॉरही सापडलेत. सरडे होतेच. त्यामुळे प्रेक्षक नव्हते असं म्हणता येणार नाही. जोडीदारासाठीही उपयोग होत असेल, एकाच ठिपक्याने दोन्ही कामं करायला काहीच हरकत नाही.

उत्खनक

टिटचे आकडे मला माहीत नव्हते, भारी आहेत. तरीही "घाबरवण्यासाठी होता" ऐवजी "घाबरवण्यासाठी असावा" असं लिहिलं जावं एवढाच माझा आग्रह. टेरोसॉरचा मेंदू टिटसारखा वागत होता का हे ठिपक्यावरून कळत नाही.

पतंगप्रेमी

खडकवाचक, धागा आवडला पण एका ठिकाणी काळजी घ्यायला हवी. लोक हे वाचून "फुलपाखरांच्या गणाच्या आधी हे होते" असं समजतील आणि ते बरोबर नाही. उत्तर जर्मनीतल्या शांडेलाहच्या बोअरमधून ट्रायासिक-ज्युरासिक सीमेवरचे, म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे, पतंगांचे सुटे खवले मिळालेत, २०१८ साली सायन्स अ‍ॅडव्हान्सेसमध्ये आलं होतं. त्यातले काही आतून पोकळ, आणि असे पोकळ खवले सोंड असलेल्या पतंगांच्या गटात असतात. म्हणजे सोंडेचे पतंग कॅलिग्रामाच्याही आधी उडत असणार. छोटेसे, करडे, कुणाच्या चित्रात न येणारे, पण होते. पतंगांना नेहमी मागे टाकलं जातं म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

खडकवाचक

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. कॅलिग्रामाच्या काळात पतंग होते, नव्हती ती दिवसा उडणारी, मोठ्या रंगीत पंखांची फुलपाखरं. फुलपाखरांचा उगम साधारण १० कोटी वर्षांपूर्वीचा असा अंदाज २०२३ साली अकिटो कावाहारा आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या तुलनेतून मांडला, आणि फुलपाखराचे जुन्यातले जुने जीवाश्म डेन्मार्कमधले, साधारण ५.५ कोटी वर्षांपूर्वीचे. कॅलिग्रामा आणि ते डॅनिश फुलपाखरू यांच्यामध्ये जेवढा काळ गेला, तेवढा आपल्यात आणि त्या फुलपाखरातही गेलेला नाही. एकाने दुसऱ्याचं बघून काही घेण्याची शक्यताच नाही, दोघं आपापल्या वाटेने तिथवर आले.

म्हणजे मोठे पंख, ठिपके, सोंड आणि झाडांवर फिरत गोड द्रव शोषणं, ही जगण्याची एक जागा होती. ती आधी जाळीपंख्यांनी घेतली, त्यांच्यानंतर फुलपाखरांनी.

मृद्गंधा

वाचतेय, खूपच छान चाललंय. अळीबद्दल कुणी लिहिलं नाही? फुलपाखराची अळी पानं खाते, मग याची काय खात असेल? लेसविंगच्या अळ्या तर मावा खातात ना?

कीटकनिरीक्षक

मृद्गंधाताई, कॅलिग्रामाच्या प्रौढ किड्यावरून अळीचा अंदाज बांधायचा नाही, कारण या गणात प्रौढ आणि अळी यांचं जेवण सर्रास वेगळं असतं. आजच्या क्रायसोपर्ला या लेसविंगचा प्रौढ मकरंद, पराग, माव्याचा चिकटा यांवर जगतो आणि अळी मावा फस्त करते. नेमोप्टेरिडी म्हणून एक कुळ आहे, मागचे पंख चमच्यासारखे लांब, त्यांचे प्रौढ लांब चोचीसारख्या तोंडाने फुलांवर पराग खातात, आणि अळ्या मात्र शिकारी. फुलांवर जाणारा जाळीपंखी आज बघायचा तर हाच.

जाळीपंख्यांच्या अळ्यांची रचनाच न्यारी आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. वरचा जबडा आणि खालचा जबडा एकमेकांना चिकटून कोयत्यासारखी पोकळ नळी बनते, ती भक्ष्यात खुपसायची, आत पाचक रस सोडायचा आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं. आणि अळीचं आतडं मधेच बंद असतं! अळी असेपर्यंत विष्ठा बाहेर पडतच नाही, साठत राहते आणि प्रौढ झाल्यावर एकदाच टाकली जाते. कोषासाठी रेशीम तोंडातून येत नाही, ते उत्सर्जन नलिकांमध्ये तयार होतं आणि मागच्या टोकाने विणलं जातं.

जुन्या अळ्यांमध्ये माझी सगळ्यात लाडकी म्हणजे हॅल्युसिनोक्रायसा, उत्तर स्पेनमधल्या एल सोप्लाओच्या अंबरमधली (अंबर म्हणजे झाडाची दगड झालेली राळ), साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीची, २०१२ साली वर्णन झालं. तिच्या पाठीवर लांबलचक नळ्यांसारखे वाढवे होते आणि त्यात तिने नेच्यासारख्या झाडाची केसाळ लव गोळा करून अडकवलेली, म्हणजे अंगावर कचरा घेऊन लपायची पद्धत तेव्हाच होती. आजच्या काही लेसविंग अळ्या अजूनही तेच करतात.

मृद्गंधा

बंद आतडं!! हे पहिल्यांदाच ऐकलं. हॅल्युसिनोक्रायसावर वेगळा धागा काढाच, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वनराई

+१. आणि मग हे कॅलिग्रामावाले गेले कसे? उल्का?

खडकवाचक

नाही, उल्केच्या बरंच आधी. उल्का ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. या कुळाचे शेवटच्या टप्प्यातले नमुने म्यानमारच्या काचिन भागातल्या अंबरमध्ये आहेत, सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे, त्यावर २०१८ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये मोठा पेपर आला. अंबरमुळे सोंड, स्पर्शिका, पंखांवरचे खवले असं सगळं बारकाईने बघता आलं, आणि हे किडे एकाच साच्याचे नव्हते, सोंडेच्या लांबीत आणि पंखांच्या नक्षीत भरपूर वैविध्य होतं हेही दिसलं.

आता काळ जुळवून बघा. ज्या काळात फुलझाडं झपाट्याने पसरली आणि बेनेटिटेल्स मागे हटत गेले, त्याच काळात हे कुळ संपतं. झाडांवर बेतलेलं तोंड असेल तर झाडं गेल्यावर किडा टिकणं कठीण, असं सरळ गणित बहुतेक अभ्यासक मांडतात. मला यात एक गोष्ट जोडावीशी वाटते, फुलझाडं आली म्हणजे खाणं संपलं असं नाही, उलट खाणं वाढलं, पण त्या नव्या फुलांवर माश्या, भुंगेरे, मधमाश्यांचे पूर्वज आणि पतंग सगळेच तुटून पडले. जुन्या झाडांशी जुळलेल्या मोठ्या पंखांच्या किड्याला त्या गर्दीत नवीन जागा करता आली नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षं हे कुळ टिकलं, हा काळ काही थोडा नाही.

उत्खनक

काचिन अंबरचा विषय निघालाय तर हेही इथे नोंदलं जायला हवं. हुकाँग खोऱ्यातल्या खाणी सशस्त्र संघर्षाच्या पट्ट्यात आहेत, २०१७ साली लष्कराने तिथल्या खाणींचा ताबा घेतला, लोक विस्थापित झाले. २०२० मध्ये सोसायटी ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजीने शोधपत्रिकांना पत्र लिहून, त्यानंतर बाहेर आलेल्या अंबरवरचे पेपर थांबवावेत अशी विनंती केली होती. सगळ्यांनी ती मान्य केली नाही, तिथल्या भूशास्त्राच्या अभ्यासावरच अन्याय होतो असंही काहींचं म्हणणं होतं. मी स्वतः थांबवण्याच्या बाजूचा आहे. किडा कितीही सुंदर असो, तो कुठल्या हातांमधून आला हे पेपरमध्ये लिहिलेलं असावं.

शिळापर्ण

पूर्ण सहमत. निदान नमुना कधी आणि कसा मिळवला ते स्पष्ट लिहिणं सक्तीचं हवं.

पतंगप्रेमी

सहमत. आणि खडकवाचक, आकाराबद्दल लिहा ना, चित्रांमध्ये कधी तळहाताएवढा तर कधी कबुतराएवढा दाखवतात.

खडकवाचक

कुळात बरीच तफावत आहे. मोठ्यांमध्ये ब्राझीलच्या क्रातो थरांमधला माकार्किनिया घ्या, तो कॅलिग्रामाचाच नातेवाईक, साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याचा एकेक पंख अंदाजे १४ ते १६ सेंटीमीटर, म्हणजे दोन्ही पंख पसरल्यावर आजच्या मोठ्यात मोठ्या पतंगांच्या बरोबरीचा. तो पूर्ण सापडलेला नाही, पंखाच्या तुकड्यांवरून लांबी काढलेली आहे, त्यामुळे चित्रात अख्खा किडा दाखवला की बाकीचं शरीर नातेवाइकांवरून घेतलेलं असतं हे धरून चालायचं. दुसऱ्या टोकाला म्यानमारच्या अंबरमधले नमुने, ते यापेक्षा खूपच लहान. पण राळेच्या थेंबात मोठ्या पंखांचा किडा अडकून अख्खा टिकणं कठीण असतं, म्हणून तिथे लहानच दिसतात, यावरून शेवटी शेवटी कुळच लहान होत गेलं असा अर्थ काढू नये.

रंगाबद्दलही कुणीतरी विचारेलच म्हणून आत्ताच लिहितो. गडद भाग मेलॅनिनमुळे टिकलाय, त्यामुळे ठिपका कुठे होता, वलयं किती, पट्टे कसे, ही नक्षी विश्वासाची. पिवळा, निळा, तांबडा जे काही चित्रात दिसतं ते चित्रकाराचं.

साधा_वाचक

मग चित्रकारांनी निळा-जांभळा रंगवणं चुकीचं म्हणायचं का?

खडकवाचक

चुकीचं नाही, नक्षी आणि शिरा दगडाबरहुकूम असतील तर रंग कुठलाही चालेल. माझी तक्रार आहे ती फुलपाखराचा पंख काढून त्यावर ठिपका रंगवणाऱ्यांबद्दल. तेवढं दाट जाळं काढायला वेळ लागतो हे मान्य, पण ते वगळलं तर तो कॅलिग्रामा उरत नाही.